सालईचं तेल आणि अध्यक्षांचं उभं राहणं

बुरशी भेदभाव मानत नाही. बंगला असो की झोपडी, ओलावा दिसला की ती स्थायिक होते. अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयातही ती स्थापनेपासून कायम सेवेत होती. भिंतींवर, ग्रंथालयात, संस्थापकांच्या तसबिरीवर (फक्त मिशीच्या भागात, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं) ती जोमानं वाढे. वाढत नव्हती ती रसायनशास्त्र विभागातल्या काचेच्या ताटलीत, जिथं पंचशीलाला ती हवी होती.

पंचशीला नेकनूरची. तिच्या पीएचडीचा विषय होता ‘सालईच्या डिंकातील सुगंधी तेलाची रासायनिक घडण व बुरशीरोधक क्षमता’. सालईच्या खोडाला खाच पाडली की वासाचा डिंक पाझरतो. तो पाण्यात उकळून, वाफ थंड करून ती थेंबाथेंबानं तेल काढी. त्यात अल्फा-थुजीन हे द्रव्य सर्वांत जास्त, त्याखालोखाल अल्फा-पायनीन, बाकीची मंडळी हजेरीपुरती. आईनं, सरूबाईनं, हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग ह्यो ऊदच की! जाळायचा सोडून उकळतीस कावून?”

अखेर बुरशी रुजली. पंचशीलानं तेलाचा थेंब ठेवला. काही दिवसांनी बघते तर थेंबाभोवती स्वच्छ गोल, आणि बुरशी मुकाट्यानं हद्दीबाहेर थांबलेली. ती प्रयोगशाळेत एकटीच मोठ्यानं हसली. (तिथं हसण्याबाबत नियम नाही, कारण तशी वेळ पूर्वी आलेली नव्हती.)

तिचे मार्गदर्शक रामहरी सर मात्र हसले नाहीत. ते थेट संस्थेचे अध्यक्ष मोहनराव यांच्याकडे गेले. मोहनरावांच्या कमरेखाली, बसायच्या जागी, जुना नायटा होता. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणालाच ठाऊक नव्हती. बैठकीत त्यांचा हात कमरेकडे गेला की सचिव इतिवृत्तात ‘अध्यक्षांनी सखोल विचार केला’ असं नोंदवीत.

“पंचशीला, एक बाटली साहेबांना लागती,” सर परत येऊन म्हणाले.

“सर, हे ताटलीत चाललंय. कातडीवर तपासलेलंच न्हाई. भाजंल त्यांना.”

“साहेबांची कातडी लई जाड हाय,” सर म्हणाले, आणि ती फ्रीजचं दार लावायच्या आत बाटली त्यांच्या खिशात गेली.

पुढच्या आठवड्यात ‘संशोधन समाजासाठी’ या नावानं सत्कार ठरला. सत्कार पंचशीलाचा, फलकावर फोटो मोहनरावांचा. मोहनराव आले, खुर्चीवर टेकले आणि चटका बसल्यासारखे उठले. मग उभेच राहिले. अध्यक्ष उभे, म्हणून व्यासपीठ उभं राहिलं. व्यासपीठ उभं, म्हणून सभागृह उभं राहिलं. मागच्या रांगेनं श्रद्धांजली समजून माना खाली घातल्या.

साहेबांनी तेल चोपडलंय, हे पंचशीलाला कळून चुकलं. गप्प बसली तर शाल-नारळ आणि पदवी. बोलली तर प्रबंधावरची सरांची सही गेली. तिनं माइक ओढला.

“हे तेल कुणी अंगाला लावू नका. ते काचेतल्या बुरशीवर चालतं, माणसावर कुणी तपासलेलं नाही. साहेबांना भाजलंय. त्यांना आधी दवाखान्यात न्या!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. महिला मंडळाच्या छबुबाई पुढं आल्या. “बाई, लई खरं बोललीस. आता येवढंच सांग, सकाळी लावायचं का जेवल्यावर?”

“भाजतंय म्हंजी मुळातून जातंय!” मोहनरावांनी जाहीर केलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जनता गहिवरली.

शेवटी पंचशीलानंच त्यांना हाताला धरून खाली उतरवलं आणि दवाखान्यात नेलं. गाडीच्या मागच्या सीटवर पालथे पडल्यावर मोहनराव हळूच म्हणाले, “पोरी, आग लई हुती गं. पर तितं बोलता येईना. सगळे उभे हुते.”

“मी बोलले की, साहेब.”

त्यावर मोहनरावांचा हात सवयीनं कमरेकडे गेला. (या वेळी त्यांनी खरोखरच विचार केला असावा.) दुसऱ्या दिवशी त्यांनी रामहरी सरांना बोलावून प्रबंधावर सही करायला लावली.

पंचशीला डॉक्टर झाली. ‘मानवी त्वचेवर वापरण्यास पुरेसा पुरावा नाही’ हे प्रबंधातलं वाक्य तिनं ठळक छापून घेतलं. मोहनरावांचा भाजलेला भाग भरून आला, नायटा साध्या मलमानं गेला आणि श्रेय तेलाला मिळालं. लोक तेल मागत प्रयोगशाळेत येऊ लागले, तेव्हा तिनं बाटल्यांवर ‘विष’ अशी चिठ्ठी डकवली. दुसऱ्या दिवशी रांग दारापर्यंत गेली. “विष हाय, म्हंजी असर आसंलच,” रांगेतल्या धोंडीरामनं सगळ्यांना समजावून सांगितलं.

तरी सुज्ञ वाचकांस नम्र विनंती, की तेल कुठं मिळतं हे कृपया विचारू नये. आणि नायट्याचं नाव निघाल्यापासून तुमचा हात जिथं खाजवायला गेलाय तिथून तो आधी काढा, धुवा, आणि ती जागा डॉक्टरला दाखवा.