उभी सायकल, आडवी सायकल

वाहनातलं मला कळतं! ही बढाई नाही, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. बंदरावर माझे ट्रेलर चालतात. गाडी नुसती गल्लीच्या तोंडाशी आली तरी तिचा क्लच गेलाय की ड्रायव्हरची झोप झालेली नाही, हे मी घरात चहा पिता पिता सांगतो. त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणाले, "दिनानाथराव, घरी व्यायामाची सायकल घ्या," तेव्हा मला हसूच आलं. कंटेनर ओढणाऱ्या गाड्या पारखून घेणारा माणूस मी! जी जागची हलतसुद्धा नाही अशी सायकल निवडायला मला कितीसा वेळ लागणार?

गरज कशी पडली तेही सांगतो. आमच्या देवीचं देऊळ टेकडीवर आहे. चैत्रात यात्रा भरते, पालखी पायऱ्यांनी वर जाते आणि पालखीच्या पुढच्या दांडीला खांदा असतो आमच्या घराचा. आजोबांचा होता, बाबांचा होता, आता माझा. गावात कोणी तीन मजली बंगला बांधू दे नाहीतर दाराशी पाच गाड्या लावू दे, त्या दांडीची सर कशालाच नाही. आणि गेल्या यात्रेत मी काय केलं? निम्म्या पायऱ्यांवर चक्क खाली बसलो! गुडघा म्हणाला मी येत नाही, श्वास म्हणाला मग मी तरी कशाला येऊ? ढोल थांबले. माझा चुलतभाऊ शिवदास मागच्या दांडीला होता, त्यानं पुढे येऊन खांदा दिला आणि पालखी वर गेली. मी मागून कठडा धरून, सगळ्या म्हाताऱ्यांच्याही मागून! आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

देवस्थानचे सगळ्यात जुने पंच म्हणजे कोंडाजीकाका. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "दिना, झालं ते झालं. पर पुढच्या साली पुन्ना बसलास तं मान शिवदासच्या घरान जाईल. देवीला मधीच खोलंबून ठेवाची न्हाय."

तेव्हापासून शिवदास रस्त्यात भेटला की विचारायचा, "दादा, गुडघा कसा हाय?" इतक्या गोड आवाजात की ऐकूनच माझी शुगर वाढायची!

तर मी आणि माझी बायको रुचिता पनवेलच्या एका दुकानात गेलो. रुचिता शाळेत शिकवते, त्यामुळे ती कुठेही गेली की आधी प्रश्न विचारते. दुकानदार गुजराती होता. त्यानं आमच्यापुढे दोन सायकली केल्या.

"जुओ शेठ, ही उभी. नेहमीच्या सायकलसारखी. सीट वर, पॅडल खाली, पुढे वाकून चालवायची. जागा कमी लागते, घाम जास्त निघते. आणि ही आडवी. खुर्चीसारखी सीट, पाठीला टेकू, पॅडल समोर. पाय पुढे करून आरामात मारायचे. जागा जास्त खाते, पण गुडघ्याला न् कंबरेला सांभाळून घेते."

"यांचा गुडघाच दुखतो," रुचिता म्हणाली. "आडवीच द्या."

मी आडवीवर बसून बघितलं. खरं सांगतो, ट्रेलरच्या केबिनमध्ये बसल्यासारखं वाटलं! पाठ टेकलेली, पाय समोर. फक्त हॉर्न तेवढा नव्हता. मी दोन पॅडल मारले, डोळे मिटले आणि...

"अहो! उठा! लोक बघतायत!"

मी घोरत होतो म्हणे. तिथंच मी ठरवलं, ही आजाऱ्यांची सायकल आहे. शिवदास घरी आला आणि मला असा लोळून पॅडल मारताना त्यानं बघितलं, तर मान राहिला बाजूला, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही!

"उभी द्या," मी छाती काढून म्हणालो. "मला पायऱ्या चढायच्यात. झोपून कोणी पायऱ्या चढतं का?"

"गुडघा तुमचा आहे, तुम्हीच ऐका त्याचं," रुचिता म्हणाली. तिनं हा आवाज काढला की शाळेत पोरं गृहपाठ पूर्ण करून आणतात. मी ऐकलं नाही.

"आठवड्यात बदलून देईन," दुकानदार म्हणाला. "पण शेठ, वस्तू अशीच पाहिजे हां. डाग नको, ओरखडा नको."

"अहो, घरात ठेवायची वस्तू! तिला काय होणार?" मी म्हणालो.

टेम्पोतून सायकल दारात उतरली आणि बघतो तर ओटीवर माझी आई, सखुबाई, हातात आरतीचं ताट घेऊन उभी! ताटात नारळ, झेंडूचा हार, लिंबं, तेलात कालवलेला शेंदूर. आमच्या घरात बैलगाडीपासून ट्रेलरपर्यंत एकही वाहन पूजेशिवाय उंबऱ्याच्या आत आलेलं नाही, आणि ती पूजा आईच करते. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"आये, ही गाडी न्हाय!" मी ओरडलो.

"सीट हाय, हँडल हाय, पॅडल हाय. मंग गारी न्हाय तं काय म्हस हाय?"

बोलता बोलता तिनं पुढच्या बाजूला शेंदराचं भलंमोठं स्वस्तिक काढलं. शेंदूर एकदा बसला की निघत नाही. ट्रेलरवरचं मागच्या मालकाचं स्वस्तिक अजून दिसतं, आणि त्याला तर रंगसुद्धा दिलाय! मग तिनं हँडलला हार घातला आणि सायकलीच्या पायांपाशी लिंबं ठेवली.

"बस वर. आता पुरं घे, लिंबू फुटू दे."

"आये, ही पुढं जात न्हाय."

"पयल्याच दिशी बिघरली? दुकानदारानं फसवला तुना!"

"बिघडली न्हाय! ही अशीच असते! जागच्या जागी चालते!"

आईनं माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी पतंगाच्या नादात विहिरीत पडलो होतो तेव्हा तिनं असंच बघितलं होतं. शेवटी सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून सायकल माझ्यासकट उचलली आणि लिंबांवर ठेवली. लिंबं फुटली. टाळ्या पडल्या. आईनं पायरीवर नारळ फोडला आणि खोबऱ्याची वाटी धरून त्यातलं पाणी सढळ हातानं शिंपडलं. नेमकं हँडलवरच्या मीटरवर! मीटरनं एकदा टिर्र केलं, सगळे आकडे एकदम दाखवले आणि डोळे मिटले ते कायमचे.

"बग, देवी लागली आशीर्वाद द्याला," आई म्हणाली.

रुचिता दारात तोंडावर पदर धरून उभी होती. ती रडत नव्हती, एवढं मी खात्रीनं सांगतो.

इथवर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आमच्याकडे दुसरी रीत अशी की, नव्या गाडीची पहिली फेरी देवीच्या पायथ्याशी. आणि ती मालकानं स्वतः चालवत न्यायची.

"आये, कशी नेऊ? हिला चाकं न्हाईत!"

"टेम्पोला हायत ना," आई म्हणाली. आमची आई कधीच अडत नाही.

सायकल पुन्हा टेम्पोत चढली. सायकलवर मी चढलो. "पाय मार रं, नुसता बसू नको, देवी बगते!" आई पुढून ओरडत होती. मी टेम्पोच्या हौद्यात, गळ्यात हँडलवरून काढलेला हार, दोन्ही हातांनी हँडल धरून पॅडल मारतोय आणि टेम्पो गावातून चाललाय! मी जोरात मारले की योगायोगानं टेम्पोही जोरात जायचा. पोरं मागून धावत होती. एका आजोबांनी हात जोडले. बहुतेकांना वाटलं मी निवडणुकीला उभा आहे. आणि शिवदास? तो चौकात मोबाईल उंच धरून शूटिंग करत होता!

पायथ्याशी देवीला हात जोडून परत निघालो आणि शाळेजवळचा गतिरोधक आला. आमच्या रस्त्यांवर कंटेनरवाल्या गाड्यांनी असे खड्डे पाडलेत की ड्रायव्हरला गतिरोधक म्हणजे सपाटी वाटते. टेम्पो उडाला. सायकल उडाली. मी त्या दोघांपेक्षा जास्त उडालो, आणि खाली आलो तो नेमका त्या अरुंद सीटवर. कुठे लागलं ते विचारू नका! वर गुडघा हँडलवर आपटला तो वेगळाच.

डॉक्टर म्हणाले, "उभ्या सायकलवर आता महिनाभर बसायचं नाही. पाठीला टेकू असलेली एखादी असती तर..."

रुचितानं तिथूनच दुकानदाराला फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला आणि डाग, मीटर सगळं सांगून सायकल बदलून मागितली.

"बेन, मी शेठचा व्हिडिओ बघितला," दुकानदार म्हणाला. शिवदासनं तो कुठवर पोचवला होता, बघा! "डागाचं मी समजून घेतलं असतं. मीटरचंही बघितलं असतं. पण देवीचं दर्शन घेऊन आलेली वस्तू मी परत कशी घेऊ? मला पाप नाय लागणार? ती आता तुमच्या घरचीच."

अशा रीतीनं आमच्या घरात दोन सायकली झाल्या. आडवीची पूजा झालीच, पण या वेळी रुचितानं मीटरला आधी प्लास्टिकची पिशवी बांधली होती. पहिल्या फेरीतून मात्र मी आईच्या पाया पडून सूट मागून घेतली.

आणि काय सांगू, आडवी सायकल म्हणजे सुख! टीव्ही समोर, चहा हाताशी, पाय आपोआप फिरतायत. जड-हलकं करायचा खटका असतो, तो मी एकदम हलक्यावर ठेवला. गुडघ्याची काळजी घ्यायला नको? मीटरवर किलोमीटर धडाधड पडायचे. मी रोज चौकात जाहीर करायचो. आज पनवेल झालं, आज पेण झालं, या आठवड्यात श्रीवर्धन! यात्रा तोंडावर आली तेव्हा मी गोव्यात पोचलो होतो. मधे कधी कधी डोळा लागायचा, पण घाटात कोणाला लागत नाही?

उभी सायकल कोपऱ्यात पडून होती. शाळेतून आल्यावर रुचिता तिच्यावर बसायची. मीटर मेलेला, त्यामुळे ती किती चालवते ते कोणालाच कळत नव्हतं. तिलाही नाही! घाम येईपर्यंत चालवायची आणि स्वयंपाकाला लागायची. मी तिला म्हणायचो, "अगं, मोजमाप नाही तर व्यायाम कसला?"

यात्रेचा दिवस उजाडला. गुलाल, ढोल, सगळं गाव पायथ्याशी. मी नवा फेटा बांधून पुढच्या दांडीला खांदा दिला.

"जमंल ना रं?" कोंडाजीकाकांनी विचारलं.

"काका, मी गोव्याला जाऊन आलोय!"

"कवा?"

"बसल्या बसल्या."

काकांनी देवीकडे बघून हात जोडले.

पहिल्या पायऱ्या मी नाचत चढलो. मधल्या पायऱ्या चालत चढलो. आणि गेल्या वर्षीची ती जागा आली तशी छातीत भाता सुरू झाला. गोवा सपाटीवर होता हो! पाय फिरायला शिकले होते, उचलायला नाही! मला घाम फुटला, डोळ्यांपुढे बाबा दिसले, आजोबा दिसले, दोघेही मान हलवत होते. माझ्या हातून घराचा मान जाणार! गुडघा वाकला.

"दादा, सोड!" शिवदास तयारच होता. त्यानं झोकात खांदा दिला, मिशीवर हात फिरवला, चार पायऱ्या चढला आणि त्यानंही बसकण मारली! वर्षभर माझ्या गुडघ्याची चौकशी करण्यात त्याचं स्वतःच्या पोटाकडे लक्षच गेलं नव्हतं. ढोल पुन्हा थांबले.

तेवढ्यात गर्दीतून रुचिता पुढे आली. पदर खोचला, डोक्यावरची ओटीची टोपली आईच्या हातात दिली आणि दांडीखाली खांदा घातला.

"बाईमानूस?" कोणीतरी म्हणालं.

"मान घराचा हाय का बाप्याचा?" आईनं टोपली घेऊनच विचारलं. "माजी सून घरातली न्हाय? बोला, कोंडाजीभावजी!"

काकांनी एकदा देवीकडे बघितलं, एकदा आमच्या आईकडे. देवी तरी ऐकून घेते. "वाजवा रं ढोल!" काका म्हणाले.

आणि रुचिता चढली! न थांबता, न धापा टाकता, वर नाचतसुद्धा! बायकांनी असा गजर केला की टेकडी दणाणली. वरून गुलाल उडाला तेव्हा माझे डोळे भरून आले. गुलालानं नाही, खरंच भरून आले. आमचा मान आमच्याच घरात राहिला होता.

उतरताना काका माझ्यापाशी थांबले. "दिना, पुढच्या सालापासून पुढची दांडी सूनबाईची. तूही देवीचा जुना मानकरी, तुना मोकला ठेवाचा न्हाय. पायथ्याशी चपला सांबाळाचा मान तुजा."

शिवदास हळूच माझ्या कानाशी लागला, "दादा, आळीपाळीनं घेऊया का?"

मी त्याला तिथल्या तिथे स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. मान आहे तो, असा कोणालाही देता येत नाही!