मेरेंगेचं डोकं आणि प्रुदेन्सिओचा पारा

नगरपालिकेचा पशुवैद्य प्रुदेन्सिओच्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून मेरेंगे या पांढऱ्या कुत्र्याच्या डोक्याला मोजायचा टेप गुंडाळत होता, आणि मेरेंगे त्याचा कान चाटत होता.

"डोकं मोठं," पशुवैद्य म्हणाला. "छाती रुंद. केस आखूड. मान जाड, जबडा भक्कम."

"मग माझा मेव्हणाही बसेल की या कायद्यात!" प्रुदेन्सिओ कडाडला.

"स्वभाव उग्र," पशुवैद्यानं पुढचं कलम वाचलं. तेवढ्यात कोपऱ्यातला जुना फ्रिज घरघरला, आणि मेरेंगे टेबलाखाली शिरून थरथरायला लागला. पशुवैद्यानं जरा विचार केला. "हे एक सोडू. पण बाकी सगळं जुळतंय. कायद्यानं हा धोकादायक कुत्रा. तोंडाला जाळी, आखूड दोरी, आणि मालकाला परवाना. परवान्यासाठी मानसशास्त्रज्ञाचा दाखला लागेल. जनावरांच्या संताच्या, सान अंतोनच्या सणानंतरच्या सोमवारी आमची गाडी येईल. परवाना नसेल तर कुत्रा कोंडवाड्यात."

पशुवैद्य गेला, आणि प्रुदेन्सिओनं त्याच्यामागून दार असं आपटलं की भिंतीवरची मेरीमातेची तसबीर तिरपी झाली.

प्रुदेन्सिओ म्हणजे संयमी. आईबापांनी मोठ्या आशेनं ठेवलेलं नाव. पण नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. तेलाच्या घाण्यावर जन्मभर यंत्रांच्या वरताण ओरडायची सवय लागली, ती निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. गावात त्याच्याशी पत्ते खेळायला कुणी उरलं नव्हतं. ऑलिव्ह गोळा करायला झाडाखाली पसरलेल्या जाळीत सापडलेलं हे पांढरं पिल्लू तेवढं त्याचा आवाज ऐकून पळून जाण्याऐवजी पळत येई. त्या एका गोष्टीसाठी प्रुदेन्सिओचा त्याच्यावर जीव होता.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" तो बायकोला म्हणाला.

"संन्याशाचे केस माझ्या सोफ्यावर आहेत," दोमितिला म्हणाली. तिला कुत्री आवडत नसत, आणि हे ती रोज सांगत असे.

दाखला मिळायचा तो वाहनाच्या परवान्याचे दाखले देणाऱ्या केंद्रातच. तिथल्या तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंनी, आइनोआनं, प्रुदेन्सिओला यंत्रासमोर बसवलं. पडद्यावर दोन वळणावळणाचे रस्ते, दोन ठिपके आणि दोन हातांत दोन दांडे. ठिपका रस्त्याबाहेर गेला की यंत्र कर्कश ओरडे. यंत्र ओरडलं की प्रुदेन्सिओही ओरडे. दोघांची चांगलीच जुंपली.

"राहू द्या," आइनोआ म्हणाली. "काही प्रश्न विचारते. तुम्हाला पटकन राग येतो?"

"अजिबात नाही."

"शेजाऱ्यांशी कसं आहे?"

"शेजाऱ्यांचं नाव काढू नका!" प्रुदेन्सिओनं टेबलावर मूठ आपटली. यंत्र एकदाच किंचाळलं आणि कायमचं गप्प झालं.

शेरा मिळाला: अपात्र. पुन्हा परीक्षा सणानंतर, म्हणजे गाडी येऊन गेल्यावर.

रात्री जेवताना तो ओरडत नाही हे पाहून दोमितिला खरंच घाबरली. तिनं गुपचूप त्याच्या भाचीला फोन केला.

भाची रोसीओ गावातल्या प्राणिमित्र संघात होती. ती दुसऱ्याच दिवशी फलक घेऊन आली: 'जात नको, वागणूक बघा.'

"मामा, सान अंतोनला आख्खं गाव जनावरं घेऊन चर्चला येतं. मेरेंगेला घेऊन या. किती गरीब आहे ते सगळ्यांना दिसू दे. आम्ही लढतो!"

सणाच्या सकाळी चर्चभोवती प्रदक्षिणा सुरू झाल्या. गाढवांना झूल, मांजरांना रिबिनी, कुणाच्या पिंजऱ्यात कोंबडा. मेरेंगे बिचारा तोंडाला जाळी बांधून बघत चालला होता. तिसरी फेरी झाल्यावर पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं आणि प्रत्येक जनावराला मंत्रलेला छोटा पाव दिला. जाळीमुळे मेरेंगेला तो खाता येईना. त्याच्या डोळ्यांदेखत एका बोकडानं दोन पाव खाल्ले.

रोसीओनं फलक उंचावला. "बघा! हा कायदा संताचा पावही खाऊ देत नाही!"

"कायदा राहिलाच पाहिजे," मागून प्राणिमित्र संघाच्या अध्यक्षबाई विसितासिओन गरजल्या. "धोकादायक जातींची यादी रद्द केली की कुत्र्यांच्या झुंजी लावणारे अशी पिल्लं ढिगानं काढतील. मग ती टाकलेली पिल्लं सांभाळणार कोण? मीच ना!"

"तुमचा आसरा भरलाय तो या यादीमुळेच! धोकादायक शिक्का बसलेला कुत्रा कोण घरी नेणार?" रोसीओ उसळली.

"मला शिकवतेस? मी कुत्री सांभाळायला लागले तेव्हा तू रांगत होतीस!"

"आणि अजून तिथंच आहात!"

संघाचे दोन तट पडले. पहिला पाव कुणी फेकला ते कळलं नाही, पण तो पाद्रीबाबांना लागला. मग पावांचा पाऊस पडला. जनावरं मात्र शहाण्यासारखी बाजूला उभी राहून माणसांकडे पाहत होती. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायची वेळ प्रुदेन्सिओवर आली. पण म्हणतो कुठला, त्यानंही दोरी सोडून बाह्या सरसावल्या. दोन्ही तटांना शिव्या देत तो मधोमध घुसला आणि कुणाचा तरी धक्का लागून कारंज्यात बसला.

"धोकादायक कुत्रा सुटला!" कुणीतरी ओरडलं.

प्रुदेन्सिओ कारंज्यातून उठला. भिजलेल्या अंगानं तो हाका मारत सुटला.

मेरेंगे चर्चच्या मागच्या पायरीवर होता. गोंगाटाला भिऊन त्यानं दोमितिलाच्या मांडीत डोकं खुपसलं होतं. तिनं जाळी काढून ठेवली होती आणि पावाचे बारीक तुकडे करून ती त्याला भरवत होती. शेजारी आइनोआ आपलं कासव खोक्यात घेऊन उभी होती.

"कुत्रा तुमचा का?" आइनोआनं विचारलं.

"माझा? छे! मला कुत्री आवडत नाहीत," दोमितिला म्हणाली आणि खिशातला रुमाल काढून तिनं मेरेंगेचं तोंड पुसलं.

"याची भीती वाटत नाही?"

दोमितिलानं ओल्या कपड्यांनी ओरडत येणाऱ्या नवऱ्याकडे हनुवटीनं दाखवलं. "चाळीस वर्षं ते सांभाळलंय, तेही जाळीशिवाय. त्याच्यापुढे हे म्हणजे कोकरू."

आइनोआला हसू आवरेना. "उद्या तुम्हीच परीक्षेला केंद्रात या," ती म्हणाली. "यंत्र दुरुस्त झालंय."

सोमवारी गाडी आली. दोमितिलानं आपल्या नावाचा कोरा करकरीत परवाना दाखवला. गाडी रिकामीच गेली. प्रुदेन्सिओनं मेरेंगेचं डोकं छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग नाक पुसून त्यानं खुंटीवरच्या दोरीला हात घातला.

"ठेव ती," दोमितिला म्हणाली. "परवाना माझा, दोरी माझ्या हातात. तू बरोबर चालायचंस."

"काय? माझा कुत्रा आणि मीच—"

"हळू! त्या बाईंनी विचारलं होतं, घरात तापट कुणी आहे का. मी नाही म्हणून सांगितलंय. मला खोटं पाडू नकोस."

प्रुदेन्सिओनं दोरी तिच्या हातात दिली.

तेवढ्यात फ्रिज घरघरला. मेरेंगे टेबलाखाली पळाला. प्रुदेन्सिओ चवड्यांवर चालत फ्रिजपाशी गेला, त्याच्या दारावर हात ठेवला आणि घाण्यावरच्या कुणीही कधी ऐकला नसेल अशा मऊ आवाजात म्हणाला, "हळू रे बाबा. ती ऐकतेय."