तांबूची बदली आणि भोपळ्याची बिस्किटं

मे महिन्याच्या सात तारखेला आमच्या कुत्र्याच्या बदलीचा हुकूम आला. एका घरात तीन वर्षं पूर्ण झाली की कुत्र्यामांजरांची बदली होते, हे कुणाला नव्याने सांगायला नको. तरी हुकूम हातात पडल्यावर मी तो दोनदा वाचला आणि मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. 'तांबू, वय साडेचार वर्षे, रंग तांबडा, सध्याची नेमणूक श्रीमती दामले यांचे घर, टेंभेगाव, यांची बदली पिंपरखेड येथील सपकाळ यांच्या बंगल्यावर करण्यात येत आहे. त्यांनी एक जूनपूर्वी रुजू व्हावे.' हुकूम तांबूच्या नावाचा असल्यामुळे पोस्टमनने पाकीट आधी त्याच्यापुढे ठेवलं आणि पोच म्हणून पंजाचा ठसा घेतला. तांबूने ठसा दिला, पाकीट हुंगलं आणि तो उन्हात जाऊन झोपला.

मला बदल्यांचं नवल नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं शिकवलं, त्यात अकरा बदल्या झाल्या. दर वेळी हुकूम आला की मी मुकाट्याने ट्रंक भरली. एकदाही रद्द करून मागितली नाही, कारण असं काही मागणाऱ्यांच्या रांगेत उभं राहणं मला कमीपणाचं वाटायचं. पण आता आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली होती. तांबूला प्रशिक्षण संपवून पहिलीच नेमणूक माझ्याकडे मिळाली, तेव्हापासून या घरात पुन्हा आवाज सुरू झाला होता. मी सहाला उठले नाही तर तो रागावतो. मी वर्तमानपत्र वाचत बसले तर त्यावर येऊन उभा राहतो. खरं सांगते, तांबू गेला तर माझ्याशी भांडणारं कुणी उरणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी रांगेत उभी राहायचं ठरवलं.

पाळीव प्राणी बदली कक्ष जुन्या धान्य गोदामाच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथला कारकून विलास गुरव हा माझा चौथीतला विद्यार्थी. मला बघताच तो खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि मी 'बस' म्हणेपर्यंत बसला नाही. एवढं झाल्यावर मात्र त्याने मला कसलीही सवलत दिली नाही. वय, एकटेपणा, गुडघेदुखी, यांतलं एकही कारण बदली रद्द व्हायला चालत नाही, असं त्याने अदबीने सांगितलं. चालणारं कारण एकच होतं, नियम सातमधलं. ज्या घरात प्राण्यासाठी घरचा भाजलेला खाऊ होतो आणि तो परीक्षकांच्या पसंतीस उतरतो, त्या घरातल्या प्राण्याची बदली रद्द होते. विकतचा खाऊ चालत नाही. तळलेला चालत नाही. मीठ, साखर, गूळ, मनुका, वेलदोडा यांचा अंशही असता कामा नये. दोन संधी मिळतात.

मी विचारलं, परीक्षक कोण? विलासने आवाज खाली आणून सांगितलं की काळूराम साहेब. साहेब चौदा वर्षांचे आहेत, तोंडावरचे केस पांढरे झालेत, जिल्ह्याहून एसटीने येतात आणि खिडकीशेजारची जागा घेतात. तांबूला परीक्षक करता येणार नाही का, असंही मी विचारून पाहिलं. त्यावर विलासने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मलाच शरम वाटली. ज्याच्या बदलीचा प्रश्न आहे तोच परीक्षक कसा होईल, हे चौथीत मीच शिकवलं असणार.

घरी येऊन मी कंबर कसली. ज्वारीचं पीठ, शिजवून कुस्करलेला लाल भोपळा आणि शेंगदाण्याचं कूट. पीठ घट्ट मळलं, पोळी लाटली आणि कातणाने शंकरपाळ्यांसारखे तुकडे पाडले. माझ्याकडे ओव्हन नाही. म्हणून कुकरच्या तळाशी वाळू घातली, शिट्टी काढून ठेवली आणि आत ताटली ठेवून पाऊण तास मंद आचेवर भाजलं. खालची बाजू जरा काळी झाली, पण वास चांगला सुटला. तांबू स्वयंपाकघराच्या दारात बसून होता. निकाल लागेपर्यंत त्याला चव देता येत नाही, असाही नियम आहे, त्यामुळे त्या दिवसभर आमचं बोलणं नव्हतं.

पहिली परीक्षा सतरा तारखेला झाली. काळूराम साहेब जिना सावकाश चढून आले, सतरंजीवर बसले. विलासने नमुना बशीत ठेवला. साहेबांनी एकदाच हुंगलं, उठले आणि बशीकडे पाठ करून पुन्हा बसले. विलासने अभिप्राय लिहून मला वाचून दाखवला: नमुन्यात गुळाचा अंश आढळला.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी गूळ घातलाच नव्हता, असं मी अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. साहेबांनी पाठ वळवलेलीच ठेवली. तणतणत घरी आले आणि गुळाचा डबा उघडला. ढेपेवर विळीची ताजी खूण होती. आमच्या घरात आमटी असो, भरली वांगी असोत की साधी पालेभाजी, गुळाचा खडा पडतोच. पन्नास वर्षं पडतोय. तो घालताना मला विचारावं लागत नाही, हात घालून मोकळा होतो. माझ्या हातानेच मला नापास केलं होतं, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

दुसरी संधी एकतीस मेला. मी गुळाचा डबा शेजारच्या फडतरे वहिनींकडे ठेवायला दिला. का, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या मांजरीची बदली दोन वर्षांपूर्वी झाली होती. त्या डबा छातीशी धरून आत गेल्या. मी पीठ मळायला घेतलं. अर्ध्यावर आले तेव्हा डावा हात आपसूक फळीकडे गेला, मोकळी जागा चाचपली आणि रिकामा परत आला. असं तो तीनदा गेला. 

वाळूच्या कुकरवर माझा विश्वास उरला नव्हता. म्हणून लाटून कापलेल्या कच्च्या बिस्किटांचा डबा घेऊन मी रज्जाकभाई नदाफ यांच्या भट्टीवर गेले. टेंभेगावात दिवाळीच्या आधी निम्मं गाव या भट्टीवर असतं. रवा, मैदा, तूप, साखर आपली, भाजणं भट्टीवाल्यांचं, आणि येताना पत्र्याच्या डब्यात नानकटाई. रज्जाकभाईंनी माझी बिस्किटं पत्र्यावर मांडली आणि म्हणाले, "बाई, मीठ नाही, साखर नाही, हे कुणासाठी?" मी तांबूचं नाव सांगितलं. त्यांनी लांब दांड्याचा पत्रा अलगद आत सरकवला आणि शेजारचे त्यांचे पाव निम्मे भाजून झाले तरी नजर माझ्याच पत्र्यावर ठेवली. बिस्किटं सगळीकडून एकसारखी, बदामी होऊन बाहेर आली. डबा घेऊन मी थेट कक्षात गेले.

त्या दिवशी कक्षाबाहेर सपकाळांची जीप उभी होती. मागच्या सीटवर मखमली गादी अंथरली होती. ड्रायव्हर नम्र माणूस होता, त्याने मला नमस्कार केला. नियमाप्रमाणे तांबूला दुपारी बारा वाजताच माझ्या घरातून कार्यमुक्त करण्यात आलं होतं. त्याच्या गळ्यातला पट्टा काढून विलासने टेबलावर ठेवला होता आणि त्याला कक्षाच्या मागच्या खोलीत बसवलं होतं. मी तिकडे पाहायचं टाळलं.

साहेब सतरंजीवर बसले होते. विलासने डबा उघडला, नमुना उचलला आणि मग तो थांबला. डब्याला भट्टीची राख लागली होती. भाजलं कुठं, असं त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्याने बिस्किट परत डब्यात ठेवलं. नियमात 'घरचा' असा शब्द आहे, भट्टी म्हणजे दुकान, नमुना साहेबांपुढे ठेवताच येणार नाही. हे सांगताना त्याचा चेहरा पडला होता, पण आवाज पक्का होता.  पट्टा समोरच दिसत होता. मग मी चौतीस वर्षं जिथून बोलत आले तिथून बोलले.

"विलास, उभा राहा."

तो उभा राहिला.

"दिवाळीची नानकटाई तुमच्याकडे कोण करतं?"

"आई करते, बाई."

"भाजते कुठं?"

"रज्जाकभाईंच्या भट्टीवर."

"मग पाहुण्यांपुढे ठेवताना ती काय सांगते? विकतची आहे म्हणून?"

विलासने जमिनीकडे पाहिलं. मग कपाळ चोळलं. "नाही बाई. घरची आहे म्हणून सांगते."

"खोटं बोलते का तुझी आई?"

 विलासने नियमांचं पुस्तक काढलं, पानं उलटली, बंद केलं. मग टिपणी लिहायला घेतली. ती अडीच पानांची झाली. सारांश असा की टेंभेगावात पीठ घरचं असेल आणि करणारी व्यक्ती भट्टीशेजारी उभी असेल, तर भाजलेला पदार्थ घरचाच धरला जातो. हा रिवाज कारकुनाच्या आईपासून सर्वांना मान्य आहे. टिपणी त्याने साहेबांपुढे धरली. साहेबांनी कागद हुंगला आणि शेपटी एकदा जमिनीवर आपटली. तेवढी मंजुरी पुरते.

नमुना बशीत आला. साहेबांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. माझे डोळे बंदच झाले. मग 'कुर्रम' असा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा बशी रिकामी होती आणि साहेब डब्याकडे बघत होते. एक नमुना पुरेसा असतो, असं विलासने त्यांना आदराने सांगितलं. साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि डब्याकडे बघणं चालू ठेवलं. शेवटी त्यांनी नऊ नमुने तपासले. विलासने अभिप्राय लिहिला: अत्यंत समाधानकारक. मी भर कक्षात रडले, आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही. दारातून बघणाऱ्या ड्रायव्हरनेही टोपी काढली.

एक शेवटची गोष्ट बाकी होती. बारा वाजता कार्यमुक्त झालेला तांबू कागदोपत्री कुणाचाच नव्हता. बदली रद्द झाली तरी त्याला माझ्या घरी नव्याने रुजू व्हावं लागणार होतं, आणि रुजू प्राण्याने स्वतःच्या पायांनी व्हायचं असतं. त्याला फाटकाबाहेर सोडायचं. कुणी हाक मारायची नाही, शीळ घालायची नाही, खाऊ दाखवायचा नाही. तो जिथे जाईल तिथे त्याची नेमणूक.

चार वाजता आम्ही सगळे माझ्या घरापाशी जमलो. फाटक उघडं ठेवलं. मी ओसरीवर उभी राहिले, बिस्किटांचा डबा झाकण घट्ट लावून माझ्या मागे. रस्त्यावर जीप, तिचं दार नियमाप्रमाणे उघडं, आत ती गादी. तांबूला मध्ये सोडलं. तो जीपकडेच गेला. पुढचे दोन पाय पायरीवर टाकून त्याने गादी हुंगली, नीट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मी ओठ दाबून धरले. पन्नास मुलांचा वर्ग एका हाकेत गप्प करणारी मी, आणि मला एक हाक मारायची परवानगी नव्हती. तांबू खाली उतरला. जीपला एक फेरी घातली. मागच्या चाकापाशी थांबून पाय वर केला, काम सावकाश उरकलं आणि फाटकातून आत आला.

विलासने घड्याळ पाहून लिहिलं: चार वाजून वीस मिनिटं, स्वेच्छेने रुजू. मी सही केली. तांबू माझ्या पायावर पाय देऊन पुढे गेला, डब्यासमोर बसला आणि इतका वेळ का लावला म्हणून माझ्यावर भुंकायला लागला.