तुळईतल्या भोकाची बखर

श्रीविश्वकर्मा प्रसन्न, ड्राफ्टर आणि पट्टी यांचे कल्याण असो. शके १९३९, हेमलंबी नाम संवत्सरी, श्रावणमासी यंत्रविद्येच्या दौलतीत वर्तले ते ऐसे की, राजश्री भालचंद्रपंत उकिडवे, प्राध्यापक, हे पूल बांधण्याची विद्या सांगत असत आणि त्यांची रीत जगावेगळी, म्हणजे नोट्स देणे नाही, फळ्यावर तुळई काढावी आणि वर्गास पुसावे, "ही इथंच का मोडेल?" मग वर्ग पेने सरसावून नोट्सची वाट पाही, आणि मागील बाकावरून एकच सवाल येई, "सर, हे पेपरला येतं का?" पंत रोज संतापत, रोज घोटभर पाणी पीत आणि पुन्हा पुसत. दगडावर डोके आपटले तर दगड निदान वाजतो, येथे तेही नाही. मग प्राचार्यसाहेबांकडे फिर्याद गेली आणि त्यांनी पंतांस पाचारण करून आज्ञा केली की, "पंत, मुलं म्हणतात, सर शिकवत नाहीत, नुसतं विचारतात. सत्र संपेपर्यंत एकानं तरी आपण होऊन 'का' विचारलं तर तुमची रीत राहील. नाहीतर मुकाट नोट्स द्या." पंत मनी बहुत कष्टी जाहले की, हयातीची विद्या आता एका 'का'वर टांगली.

मग पंतांनी वर्गास लहान पुलाचा नकाशा काढण्यास फर्माविले. आता त्या मुलखाची वहिवाट ऐसी की, काचेखाली दिवा लावावा, काचेवर वरच्या वर्गाचा नकाशा, त्यावर कोरा कागद, आणि रेघेवर रेघ उतरवावी. यास 'जीटी मारणे', म्हणजे ग्लास ट्रेसिंग, म्हणत आणि ही एक विद्या साऱ्यांस न शिकवता येत असे. मग नकाशे आले आणि पंत पाहतात तो प्रत्येक पुलाच्या तुळईत मधोमध वाटोळे भोक. मूळ नकाशा मागविला, तर त्यावर चहाच्या कपाचा डाग. पंतांनी वर्गनायक शार्दूल टिकेकर यास पुसले, "हे भोक कशाला?"

"वजन कमी होतं, सर."

दुसरा म्हणाला, "पाणी जायला, सर."

"तुळईतून?"

"पावसाळ्यात, सर."

पंतांचे मस्तक फिरले. इतक्यात प्रांजली भोईटे हिचा नकाशा हाती आला, त्यातही भोक होतेच, परंतु बाजूस पेन्सिलीने लिहिले होते, 'हे भोक का?' पंतांनी तीस उभे केले, तेव्हा ती म्हणाली, "सर, सगळ्यांनी काढलं म्हणून मीही काढलं. पण डोक्यातून जाईना. मधेच तर तुळई जास्त वाकते ना? मग तिथंच भोक का पाडायचं?" पंतांचे डोळे भरून आले आणि त्यांनी लाल शाईने 'शाबास' लिहून खाली सही केली आणि तो नकाशा निशाणासारखा मिरवीत प्राचार्यांकडे नेला, आणि रीत बचावली.

मग शके १९४०, विलंबी नाम संवत्सरी नवी फौज दाखल जाहली आणि पंतांनी मोठ्या उमेदीने पहिला नकाशा उघडला, तो तुळईत भोक आणि बाजूस, 'हे भोक का?' पंत हर्षले. दुसरा उघडला, तेच. तिसरा, तेच, आणि अक्षर प्रांजलीचे. एका मेहनती विद्यार्थ्याने तर लाल शाईने 'शाबास' लिहून पंतांची सहीही हुबेहूब उतरविली होती. प्राचार्यसाहेब मागे उभे होते, ते संतोषून म्हणाले, "मानलं तुम्हाला, पंत. यंदा अख्खा वर्ग विचारतोय."

येणेप्रमाणे पंतांची फत्ते जाहली आणि त्यांची रीत दौलतीत कायम जाहली.