जवाई येण्याआधी सातवी स्टेज

भाऊबीजेच्या सकाळी हेमराजनं व्हिडिओ गेमचा रिमोट टीव्हीपुढच्या चटईवर ठेवला आणि लग्न झाल्यापासूनच्या सहा महिन्यांतलं सगळ्यांत लांब वाक्य सासऱ्याला ऐकवलं.

"मामाजी, मी वडशाले बहिणीकडे जाऊन येतो, उद्या दुपारच्या गाडीनं परततो, तवरिक हे बंद नका होऊ देऊ."

इस्तारीनं दोन्ही हात जोडले. "काईच काळजी करू नका जवाई. आमी हाओ ना."

हेमराज नागभीड स्टेशनाकडे निघून गेला आणि इस्तारी टीव्हीसमोर उभा राहिला. पडद्यावर हिरव्या पँटीतला एक बुटका माणूस पाण्याच्या धबधब्यापाशी एक पाय उचलून थांबला होता. वरच्या कोपऱ्यात 'सात' असा आकडा होता, आणि त्याच्या बाजूला चार छोटे बुटके. म्हणजे सातवी स्टेज आणि बुटक्याचे चार जीव, चार जानी शिल्लक, एवढं इस्तारीला चार दिवसांत समजलं होतं. बाकी जवायाबद्दल मात्र काहीच समजलं नव्हतं.

इस्तारी खैरबोडीच्या तलावावर मासे धरणारा माणूस. पाण्याकडे नुसतं पाहून खाली रोहू आहे की मरळ, हे तो सांगायचा. पण जवायाच्या तोंडाकडे पाहून त्याला थांग लागत नव्हता. हेमराज चंद्रपूरला एका ठेकेदाराकडे वेल्डर होता. दिसायला बरा, निर्व्यसनी, जयाला नीट वागवणारा. फक्त बोलत नव्हता. पहिली दिवाळी म्हणून सासरी आला, तर येताना हा गेम घेऊन आला, टीव्हीला जोडला आणि चार दिवस त्याच्यापुढे मांडी घालून बसला. अनारसे दिले, खाल्ले. मासोळीचा रस्सा दिला, प्याला. 'अजून वाढू का?' म्हटलं की मान हलवायची, तीसुद्धा अशी की होय की नाही ते कळू नये.

"नाराज आहे तो," इस्तारी बायकोला म्हणाला होता. "लग्नात वरातीले दोन तास उन्हात उभं राहा लागलं, ते मनात धरलं असन त्यानं."

"काई मनात नाई धरलं," गुणाबाई म्हणाली होती. "स्वभाव असते एकेकाचा."

पण इस्तारीच्या जिवाला घोर लागला होता. एकुलती एक पोरगी. तिचा नवरा सासऱ्याशी बोलत नाही म्हणजे काय? आणि आज तो बोलला होता. त्यानं काम सांगितलं होतं. आता हे काम चुकवायचं नाही, असं इस्तारीनं ठरवलं आणि टीव्हीसमोर खाट टाकून बसला.

दहा वाजता शेजारची रुखमाबाई आली. तिच्या घरी टीव्ही नव्हता. सुट्टीच्या दिवशी जे लागेल ते पाहायला ती यायची. पदर सावरून ती बसली आणि पडद्याकडे बघू लागली. पाच मिनिटं गेली.

"हा कधी हालते?" तिनं विचारलं.

"उद्या दुपारी," इस्तारी म्हणाला.

"उद्या?"

"जवाई आल्यावर. तवरिक बंद नाई कराचा म्हणून सांगून गेले ते."

रुखमाबाई आणखी थोडा वेळ बसली, मग उठली. अर्ध्या तासात खैरबोडीत बातमी पसरली, की इस्तारीच्या जवायानं सासऱ्याला टीव्हीच्या पहाऱ्यावर बसवलं. दोन-चार लोक येऊन पाहूनही गेले. जया चुलतभावांना ओवाळायला काकाकडे गेली होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं.

अडीच वाजता इस्तारीनं गेमच्या डब्याला सहज हात लावला आणि दचकला. डबा तापला होता. त्याच्या वायरीच्या मधला काळा अडॅप्टर तर तापलेल्या पोरासारखा लागत होता. त्यानं गुणाबाईला हाक मारली.

"अवो, हे पाय. गरम झालं हे. जळून जाईन ना!"

"मंग बंद करून टाका."

"बंद कराचं नाई, तेच तर सांगून गेला ना तो!"

गुणाबाईनं ओला फडका आणला. विजेच्या वस्तूला ओला फडका नको, एवढी अक्कल इस्तारीला होती. त्यानं टेबलफॅन आणला. पण भिंतीतल्या बोर्डावर जागा नव्हती. टीव्हीची पिन, गेमची पिन आणि देवापाशी लावलेल्या दिवाळीच्या माळेची पिन, तिन्ही खाचा भरलेल्या. माळ दिवसा कशाला हवी, असा विचार करून इस्तारीनं पिन उपसली.

देवापाशी माळ लुकलुकतच राहिली. टीव्हीवर मुंग्या आल्या.

इस्तारीनं पिन परत घातली. पडद्यावर आधी गेमचं नाव आलं, मग हिरव्या पँटीतला बुटका आला. तो धबधब्यापाशी नव्हता. एका झाडाखाली दोन्ही पाय जमिनीवर टेकवून नव्या नवलाईनं उभा होता, आणि वरच्या कोपऱ्यात 'एक' होता.

"आला ना तो परत," गुणाबाई म्हणाली.

"आला, पण पयल्या स्टेजवर आला!" इस्तारी मटकन खाटेवर बसला. "चार दिवस मेयनत केली बिचाऱ्यानं. एक काम सांगतलं, तेई मले नाई जमलं. आता काय तोंड दाखवू?"

मग इस्तारीनं रिमोट हातात घेतला. उपाय एकच होता. उद्या दुपारच्या आत बुटक्याला जिथं होता तिथं नेऊन उभं करायचं.

पहिल्या झाडापासून सहा पावलांवर एक खड्डा होता. बुटका चालत गेला आणि खड्ड्यात पडला. दुसऱ्यांदा इस्तारीनं उडीचं बटण दाबलं, पण बुटका झाडाखालीच उडाला आणि मग चालत जाऊन खड्ड्यात पडला. तिसऱ्यांदा इस्तारी स्वतः खाटेवरून उडाला, बटण दाबायचं राहिलं. तासाभरात त्या खड्ड्यात बुटका एकतीस वेळा पडला. आयुष्यभर डोंग्यात उभं राहून जाळं फेकणाऱ्या माणसाला सहा पावलांवरचा खड्डा ओलांडता येईना.

"आणा इकडे," गुणाबाई म्हणाली.

"तुले काय समजते त्याच्यातलं?"

"चार दिवस त्याले वाढता वाढता पायलं ना मी."

तिनं हात पदराला पुसले आणि रिमोट घेतला. बुटक्यानं पहिला खड्डा ओलांडला. दुसरा ओलांडला. वरून पडणाऱ्या दगडाखालून तो निसटला. गुणाबाईचा अंगठा असा चालत होता जसा चिखलात धानाच्या रोवणीच्या वेळी तिचा हात चालायचा, न पाहता, सरळ ओळीत. इस्तारी तोंड उघडं टाकून पाहत राहिला. ही बाई तीस वर्षं आपल्या घरात आहे आणि हिच्यात हे आहे, हे आपल्याला माहीत नव्हतं!

"पुढे मगर आहे!" तो ओरडला.

"दिसते मले."

"डावीकडून घे, डावीकडून!"

"तुमी गप बसा बरं."

संध्याकाळी जया परत आली तेव्हा आईबाप टीव्हीसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. रुखमाबाई परत येऊन त्यांच्या मागे बसली होती. चुलीवर काहीच नव्हतं.

"हे काय करून राह्यले तुमी?" जया म्हणाली.

इस्तारीनं सगळं सांगितलं. "जवायाले नको सांगू वं. उद्या दुपारपावेतो बसवून देतो आमी बरोबर."

जयाला हसू येत होतं. पण बापाचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं, आणि मुकाट्यानं भात टाकायला गेली.

रात्री बुटका तिसऱ्या स्टेजवर मेला आणि पुन्हा एकपासून सुरुवात झाली, तेव्हा सगळे झोपले. सकाळी सडा-सारवण उरकून गुणाबाई परत बसली. आता तिला पहिल्या तीन स्टेजा पाठ झाल्या होत्या. नऊला चौथी झाली. साडेदहाला सहावी. रुखमाबाईनं बुटक्यासाठी मारुतीला नारळ बोलला. साडेअकराला कोपऱ्यात 'सात' आला आणि धबधब्याचा आवाज सुरू झाला. जानी मोजल्या, तर बरोबर चार.

"बस!" इस्तारी उभा राहून म्हणाला. "इथंच! हाच धबधबा! एक पाय उचललेला पायजे, आता दाब थांबाचं बटण!"

"थांबू कशी? मांगून मगर येऊन राह्यली ना!"

"येऊ दे मगर, तू थांब!"

"येऊ दे कशी? मरन ना तो!"

गुणाबाईनं उडी मारली. बुटका धबधब्याच्या पलीकडे गेला. इस्तारीनं कपाळावर हात मारला. आता परत मागं आणता येईना, कारण या खेळात मागं जायची सोयच नव्हती. आणि गुणाबाईही आता ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. बुटका एका दगडावरून दुसऱ्या दगडावर, दोरीला लोंबकळत, आगीवरून उडत चालला. त्यात एक जान गेली, मग दुसरी गेली. आणि कोपऱ्यातला सात जाऊन तिथं 'आठ' आला. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला आणि समोर एक किल्ला दिसला. किल्ल्याच्या टोकाला एक मोठं लाल दार होतं.

"अव माय," रुखमाबाई म्हणाली. "हे आखरीचं आहे वाटते."

"त्याच्या अंदर काय असन?" इस्तारीनं विचारलं. जवाई, पहारा, दिलेला शब्द, सगळं तो विसरला होता. "जाय, जाय, समोर जाय! भाल्यावाल्याले चुकव!"

"मामीजी, तो भाला खाली आला का मंग उडा," मागून कोणीतरी म्हणालं.

गुणाबाईनं तसं केलं. भाला चुकला. मग तिनं मागं वळून पाहिलं. दारात पिशवी घेऊन हेमराज उभा होता.

इस्तारीनं हात जोडले. "जवाई, माफी करा. काल पिन निघाली. माझ्या हातानं निघाली. तुमचा खेळ गेला. परत तिथं नेऊन ठेवाचा होता, पण ही ऐकलीच नाई, लय पुढे गेली..."

हेमराज पिशवी टाकून पडद्याजवळ आला. तो सासूकडे पाहत होता, मग पडद्याकडे, मग परत सासूकडे.

"हे आठवी आहे?" तो म्हणाला. "मी तं कधी आठवी पायलीच नाई, मामीजी. धबधब्यापाशी मरतो मी. दर वेळेस."

"मंग बंद नका करू म्हणून काऊन सांगतलं?" जयानं स्वयंपाकघरातून विचारलं.

हेमराज चटईवर बसला. खाली मान घालून त्यानं चटईची एक काडी उपसली. "परत आल्यावर बसाले काईतरी पायजे होतं ना," तो म्हणाला. "इथं कोणी बोलत नाई माह्यासंगं. जवाई या, जवाई बसा, जवाई जेवा. मी आलो का मामाजी उठून उभे राह्यतात. मले वाटलं, तुमी नाराज आहा. दोस्तानं सांगतलं, सासरी असंच असते, हा गेम घेऊन जाय."

इस्तारी उभाच होता. ते लक्षात येताच तो पटकन चटईवर बसला.

"आमी नाराज?" तो म्हणाला. "अरे बापा, आमाले तं वाटलं, तुमी नाराज!"

रुखमाबाई फिसकन हसली. जया तर भिंतीला टेकून हसू लागली. हेमराजही हसला, आणि त्याचे समोरचे दोन दात थोडे पुढे आहेत, हे इस्तारीला सहा महिन्यांत पहिल्यांदा दिसलं.

"सकाळपासून काई खाल्लं का?" गुणाबाईनं विचारलं.

"चहा घेतला बहिणीकडे."

"चहावर आला इतक्या दुरून!" असं म्हणत गुणाबाई उठली, बोर्डापाशी गेली आणि खटकन गेमचं बटण बंद केलं. पडद्यावर मुंग्या आल्या.

"अवो!" इस्तारी ओरडला. "अवो, ते लाल दार! चार पावलं राह्यली होती!"

"दारात काय आहे ते पायत बसू, का दारातून आलेल्याले जेवाले वाढू?" गुणाबाई म्हणाली आणि आत गेली.

"मामाजी, चाला, तवरिक तलावावर जाऊन येऊ," हेमराज म्हणाला. "तुमी जाळं कसं फेकता ते पाहाचं आहे मले."

तलावाच्या पाळीवर पोहोचेपर्यंत हेमराजनं ठेकेदाराचा स्वभाव सांगितला. डोंगा पाण्यात लोटेपर्यंत मेसच्या डाळीत काय काय निघतं ते सांगितलं. तलावाच्या मध्यावर त्यानं कारखान्याच्या चिमणीवर चढण्याची गोष्ट सुरू केली, दोनशे फूट उंचीची, आणि ती एकेका पायरीनं सांगत निघाला. इतक्या आवाजात मासे जवळ येणं शक्यच नव्हतं. जाळं दोनदा रिकामं आलं. इस्तारीच्या डोळ्यांपुढं ते लाल दार उभं होतं, पोटात भूक होती, आणि जवाई अजून चाळिसाव्या फुटावर होता.

तो श्वास घ्यायला थांबला, तेव्हा इस्तारीनं रिकामं जाळं गोळा करून मांडीवर घेतलं.

"मंग?" तो म्हणाला. "मंग काय झालं, हेमराज?"