ऊन राखणाऱ्या टीचर

प्रेमाटीचरच्या अंगणात शिरायचं असेल तर आधी आपली सावली कुठे पडतेय ते बघावं लागतं. नाही बघितली तर आतून हाक येते, "मेल्या, सावळी काड थंयची!" पाववाला पोदेर फाटकावरच पाव ठेवून पळतो. निवडणुकीला मतं मागायला आलेले पुढारीसुद्धा टीचरनी माडाला वळसा घालायला लावून, एकामागे एक, उंबऱ्यापर्यंत आणले होते.

कोरगावात आमची घरं शेजारी-शेजारी. टीचरनी जन्मभर पेडण्याच्या शाळेत विज्ञान शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर हे खूळ घेतलं. दोन औषधं पाण्यात कालवायची, काळोख्या खोलीत सुती कापडाला फासायची, कापड वाळलं की त्यावर पानं मांडून वर काच ठेवायची आणि उन्हात न्यायचं. ऊन लागेल तिथे कापड निळं होतं. धुतल्यावर पानांच्या जागा पांढऱ्या उरतात. "हांव कायच करिना रे, सगळां ऊन करता," असं टीचर म्हणतात आणि छाप बिघडला की त्याच उन्हाला वर्गातल्या पोरासारखं रागावतात.

"ऊन कोणाक रावना" हे त्यांचं ब्रीद; ऊन कुणासाठी थांबत नाही. लग्नाचं आमंत्रण, बँकेचं काम, माझी दाढदुखी, सगळ्यांना एकच उत्तर.

यंदा चवथीआधी त्यांची घाई बघण्यासारखी होती. भाद्रपदात ऊन मिळणार ते कितीसं? कापड पलंगाएवढं, आणि त्यावर माटोळीची पानं. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर आम्ही रानातली फळं-वेली टांगतो ती. एका दुपारी ऊन आलं, टीचरनी सगळं मांडलं आणि फोन वाजला म्हणून आत गेल्या. तेवढ्यात पावसाचे थेंब आले.

आमच्या वाड्यावर पाऊस आला की कुणाचेही कपडे कुणीही उचलतं. हात आधी धावतात, डोकं मागाहून येतं. मी काच बाजूला केली, केर म्हणून पानं झटकली आणि कापड माझ्या बाल्कांवात, घरापुढच्या उघड्या ओट्यावर, वाळत घातलं. पाऊस दोन मिनिटांत गेला, पुन्हा लख्ख ऊन पडलं. टीचर येऊन पाहतात तर कापड या कडेपासून त्या कडेपर्यंत निळंशार. पान औषधालाही नाही!

त्या ओरडल्या नाहीत. मी त्यामुळेच जास्त घाबरलो.

"भाईक आता किदें दाखोवं?" एवढंच म्हणून त्या पायरीवर बसल्या.

भाई म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. इतकी वर्षं डोंगर पालथा घालून माटोळीचं सामान त्यांनीच आणलं. आता पडल्यापासून पाय गेले, डिचोलीला मुलीकडे अंथरुणावर असतात. घराबाहेरची ही त्यांची पहिलीच चवथ. ते कापड त्यांच्या पलंगावर छतासारखं बांधायचं होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी नवी पानं आणायला टीचरबरोबर मी डोंगर चढलो. तिसऱ्या दिवशी जरा ऊन दिसलं, तसं टीचरनी नवं कापड मांडलं आणि फाटकावर पहारा करून मीच येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसलो. भटजीही सुटले नाहीत. छाप उमटला तेव्हा टीचर आणि मी, दोन म्हातारी माणसं, अंगणात अक्षरशः नाचलो.

चवथीला माझ्या स्कूटरवरून डिचोली गाठली. कापड बांधलं. भाई उताणे पडून एकेका पानाकडे बोट दाखवू लागले. "कवंडळ... आंबाडो... करमळ..." मग बोट थबकलं.

"फागलां उरफाटीं लायलीं मगो! माटोळयेक सगळां सकयल लोंबता."

खरंच, बाकी सगळं खाली लोंबत असताना फागलीचा, म्हणजे करटोलीचा, वेल तेवढा टीचरनी वर तोंड करून मांडला होता. जन्मभर हेडमास्तरांच्या चुका काढलेली ही बाई, पण चेहरा असा उजळला की बघत राहावं.

"हय रे भाई, चुकलें."

"फुडल्या वर्सा हांव येतां. दाखयतां तुका."

"यो तर," टीचर म्हणाल्या, आणि पांघरूण सारखं करत बसल्या.

परतताना वाटेत त्यांनी स्कूटर थांबवायला लावली, कुंपणावरचा फागलीचा वेल तोडला, आणि कोरगाव येईपर्यंत तो खाली लोंबता धरून बसल्या.