मैनेचा शेवट आणि हिर्डोशीची गाडी

"शेवट सांगू का गं?" खुर्शिदाने भोरहून मोबाईलवर विचारलं.

"सांगून तर बघ! चुलीतलं जळतं लाकूड घिऊन यीन तिकडं," साळूबाई हिर्डोशीतून ओरडली. ती अशी काही ओरडली, की मोबाईल नसता तरी चाललं असतं.

गेली चाळीसेक वर्षं दोघींचं हे असंच चाललं होतं. सगळ्याचं मूळ होतं 'दोन काठांची मैना' नावाचा पिक्चर. तरुणपणी साळूबाई बाजारच्या दिवशी नवऱ्याबरोबर हातसडीचा तांदूळ विकायला भोरला यायची. खुर्शिदाची सासू तिची कायमची गिऱ्हाईक. तांदूळ मापता मापता दोघींची गट्टी जमली. तांदूळ खपला, की त्या दोघी, साळूबाईचा सावळाराम आणि खुर्शिदाचा मुबारक असे चौघं तीनच्या खेळाला जाऊन बसायचे. मैना जितक्यांदा भोरला लागला, तितक्यांदा त्यांनी तो पाहिला. शेवट मात्र एकदाही नाही.

त्याला कारण हिर्डोशीची शेवटची एसटी. पिक्चरमध्ये सरतेशेवटी नदीला पूर येतो, मैना पलीकडच्या काठावर अडकते, अलीकडून गुणाजी नावाडी पुरात नाव लोटतो आणि गाणं सुरू होतं, 'काठ सुटला गं, नाव निघाली'. एसटीची वेळ नेमकी तीच. टॉकीजच्या भिंती पत्र्याच्या आणि स्टँड पलीकडेच, त्यामुळे कंडक्टर गेनबा कधी घड्याळाकडे बघायचाच नाही. गाणं कानावर आलं, की तो टॉकीजच्या दाराशी येऊन "हिर्डोशी, हिर्डोशीऽऽ" अशी आरोळी ठोकायचा आणि अर्धं टॉकीज रिकामं व्हायचं. सावळाराम एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात बायकोचा हात धरून पळत सुटायचा. एरवी चारचौघांत तो तिच्याकडे बघतसुद्धा नसे. मागून खुर्शिदा रिकाम्या पोत्यांचं बोचकं घेऊन धावायची आणि ते खिडकीतून वर द्यायची. गाडी हलली, की सावळाराम धापा टाकत म्हणायचा, "पुढच्या बारीला शेवट बघूच."

ती पुढची बारी काही आली नाही. टॉकीज बंद पडलं. पिक्चरच्या रिळांची पेटी म्हणे कुठल्याशा गोदामात कुजून गेली. मोबाईलवर शोधलं तर नुसती गाणी सापडत. खुर्शिदा मात्र भोरचीच, तिला कुठली एसटी गाठायची नव्हती. त्यामुळे मैनेचा शेवट माहीत असलेली बाई म्हणून हिर्डोशीत तिला भलताच मान होता.

दोन पावसाळ्यांपूर्वी सावळाराम गेला. बोलणं जड झालं होतं, तेव्हाही त्याने विचारलं होतं, "साळे, गुणाजी पोचला असंल का गं?"

"म्या बघती आन सांगती तुमास्नी," ती म्हणाली होती. जाणाऱ्या माणसाला धीर द्यायला माणूस काहीही बोलतो. पण साळूबाईने स्वतःचा तो शब्द पदराच्या गाठीला बांधून ठेवला होता. घर तिला खायला उठायचं. भात लावताना, भाकरी थापताना, तिन्हीसांजेला दिवा लावताना तिला तो हवा असायचा. आणि निदान त्याचं एवढं तरी काम करावं, असं वाटायचं. तेही सांगोवांगी नाही, आपल्या डोळ्यांनी बघून.

"बरं, नाही सांगत," खुर्शिदा फोनवर म्हणाली. "पण ऐक. आमचा आसिफ म्हणतोय, आपल्या मैनेचं संगीत नाटक आलंय पुण्यात. रविवारी दुपारी हाय. येतीस?"



"शेवटापत्तोर बघायचं?" साळूबाईने अगदी हळू विचारलं.

"शेवटापर्यंत! आसिफचा टेम्पो हाय की. एसटीचा सवालच नाही."

साळूबाईने ही गोष्ट फक्त शेजारणीला सांगितली, म्हणजे गावालाच सांगितली. रविवारी सकाळी हिर्डोशीच्या फाट्यावर खुर्शिदाच्या मुलाने, आसिफने टेम्पो थांबवला, तर तिथे निम्मी आळी धुतल्या कपड्यांत उभी. सगळ्यांत पुढे काठी टेकत गेनबा. कंडक्टरकी सुटून जमाना झाला होता, पण खांदा अजून पिशवीच्या बाजूला कललेला.

"तात्या, तुमी पण?"

"म्या तर आत कवाच गेलो न्हाई, साळूबाय. जल्मभर पिक्चर भाईरनंच ऐकलाय. एकडाव आत बसू द्या."

आसिफने त्याला हात देऊन वर घेतलं. भोरला खुर्शिदा चढली. कामथडीला साळूबाईची नणंद चंद्राबाई चढली आणि चढता चढताच म्हणाली, "वैनी, मला कुणीसं सांगितलंय, ती मैना का न्हाई..." साळूबाईने पुढ्यातल्या भाकरीचा चतकोर तिच्या तोंडात कोंबला. त्यानंतर पुण्यापर्यंत टेम्पोत मैनेचं नाव कोणी काढलं नाही.

नाट्यगृहाच्या दारावरच्या माणसाने तिकिटं फाडताना बजावलं, "एकदा बाहेर गेलात, की परत आत सोडणार नाही. नाटक संपेपर्यंत दार बंद."

"आमी कशाला मरायला भाईर जातोय?" साळूबाई म्हणाली. "आत बसायसाठीच तर इतकी वर्सं कळ काढली."

आत गारेगार होतं. खुर्ची इतकी मऊ, की गेनबा नांदीलाच घोरायला लागला. रंगमंचावर निळ्या कापडाची नदी केली होती आणि चाकांची नाव. साळूबाईला आधी काहीच पटेना. "ही मैना लई वाळकी हाय. आन गुणाजीला मिशाच न्हाईत," ती कुजबुजली. पण ओळखीचं पहिलं गाणं सुरू झालं आणि ती पुढे सरकून बसली. मैना तशीच कोवळी होती, गाणं तेच होतं, नदीसुद्धा कापडाची का होईना, वाहत होती. जुन्यातलं नव्हतं ते फक्त शेजारी बसून मांडीवर ताल धरणारं माणूस. ते असतं तर वाळकी मैनासुद्धा चालली असती, असं तिला वाटलं.

पूर आला. निळं कापड उसळलं. पलीकडून मैनेने हाक मारली, गुणाजीने वल्हं उचललं आणि सूर लागला, 'काठ सुटला गं, नाव निघाली'.

त्यासरशी गेनबा झोपेतून ताडकन उठला. डोळे मिटलेलेच. खणखणीत आवाजात त्याने आरोळी ठोकली, "हिर्डोशी, हिर्डोशीऽऽ! चला लवकर, गाडी सुटली!"

हिर्डोशीची अख्खी रांग उठली. चपला हातात, पिशव्या काखेत. कोणी विचार केला नाही, कारण विचार करणाऱ्याची एसटी चुकते हे गावाला पिढीजात माहीत. ही पळापळ बघून मागच्या रांगेतल्या पुणेकरांना वाटलं आग लागली, म्हणून तेही उठले. रंगमंचावर गुणाजीचं वल्हं हवेत तसंच राहिलं. साळूबाईचा हात आपोआप बाजूला गेला. तो हात कोणीतरी घट्ट धरला आणि ती वाऱ्यासारखी पळत सुटली. पळताना तिला हसू येत होतं. गुडघे दुखत नव्हते. दाराबाहेर उजेडात आल्यावर तिने बघितलं, तर हातात हात खुर्शिदाचा होता.

मागे दार बंद झालं. आग नाही हे कळल्यावर पुणेकर आपल्या जागेवर बसले होते. बाहेर राहिली ती फक्त हिर्डोशी.

"म्या... म्या का वरडलो?" गेनबा डोळे चोळत म्हणाला. दाराआडून गाणं बारीक ऐकू येत होतं. त्याने भिंतीला पाठ टेकली आणि त्याचा चेहरा खुलला. "हां, आता बरं वाटतंय. असाच तर ऐकलाय म्या."

दारावरचा माणूस काही केल्या ऐकेना. साळूबाई पायरीवर मटकन बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रडू नको, साळू," खुर्शिदा तिच्याशेजारी टेकली आणि सवयीने बोलून गेली, "शेवट सांगू का?"

"सांग."

"काय?"

"सांग बाई. आता माझ्यानं न्हाई व्हायचं. सांग, गुणाजी पोचला का न्हाई?"

खुर्शिदाने पदर सावरला. घसा साफ केला. "म्हणजे बघ... नाव असती... आन पूर तर काय, पूरच असतो..."

साळूबाई तिच्या हाताकडे बघत राहिली. आत्ता धरलेला हात. बोचकं धरणारा हात.

"खुर्शिदा, खिडकीतनं बोचकं कोण द्यायचं गं मला?"

"मीच की."

"मुबारकभाय कुठं असायचं?"

"माझ्या मागं. तुझी राहिलेली चप्पल घेऊन."

"मंग मला सांग, तू शेवट कवा बघितलास?"

"तू कधी 'सांग' म्हणशील असं वाटलंच नव्हतं गं," खुर्शिदा म्हणाली. "परत आत जाऊन बसायला जीवच व्हायचा नाही. तुमी गेल्यावर एकटीनं काय बघायचं?"

साळूबाईने तिला एक धपाटा घातला. मग दोघी पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या, की चंद्राबाई पाणी घेऊन धावत आली.

तेवढ्यात आत टाळ्यांचा कडकडाट झाला. दारं उघडली. माणसं बाहेर पडू लागली, कोणी डोळे पुसत, कोणी हसत. चेहऱ्यांवरून काही कळेना. दारावरच्या माणसालाच आता वाईट वाटलं. तो जवळ येऊन म्हणाला, "आजी, मी रोज बघतो हे. सांगू का काय झालं ते?"

"सांगू नको!" दोघी एका आवाजात ओरडल्या आणि कानांवर पदर घट्ट धरून टेम्पोकडे पळाल्या.

टेम्पोने नसरापूर मागे टाकलं. कामथडीला चंद्राबाईला उतरवलं. गेनबा पुन्हा घोरायला लागला होता.

"पुढच्या महिन्यात परत प्रयोग हाय म्हणे," खुर्शिदाने भीतभीत विचारलं. "यायचं?"

"यायचं की." साळूबाईने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "पर एक हाय. शेवट बघितला की मला धन्यांस्नी सांगायला जावं लागंल. तसा सबूद दिलाय म्या. आन एवढी काय घाई हाय?"

तिने वळून झोपलेल्या गेनबाकडे बघितलं.

"गेनबातात्याला तेवढं संगट घ्यायचं. इसरायचं न्हाई."